जुनी मशीद, नवी मशीद आणि मधले अंगण

गावचे देऊळ जुने झाले, मंडप अपुरा पडू लागला, पावसाळ्यात गळू लागला, की गावात बैठक भरते. वर्गणी ठरते. नवे आणि मोठे बांधायचे, यावर सर्वांचे एकमत असते. मग कोपऱ्यात बसलेला एखादा म्हातारा हळूच विचारतो, "अन् जुन्याचं काय करायचं?" त्याला बहुधा कोणी उत्तर देत नाही. उत्तर मनात ठरलेलेच असते. जुने पाडायचे आणि त्याच जोत्यावर नवे उभे करायचे.

आमच्या गावी असेच झाले. मारुतीचे देऊळ होते. दगडी जोते, सागवानी खांब, वर धाबे. माझ्या वडिलांच्या लहानपणी गावची शाळा याच मंडपात भरत असे. माझ्या लहानपणी शाळेला इमारत मिळाली होती, पण श्रावणातली पोथी तिथेच, एकुलत्या एका वर्तमानपत्राचे वाचन तिथेच, बांधाचा तंटा मिटवायला पंच बसत तेही तिथेच. आज तिथे गुळगुळीत फरशीचे नवे मंदिर आहे. छान आहे, स्वच्छ आहे. पण पुढे लोखंडी जाळी आली, जाळीला कुलूप आले, आणि दुपारी टेकायला कुणाला जागा उरली नाही. जुने खांब मोजून विकले. वर्गणी मीही दिली होती. म्हाताऱ्याचा प्रश्न मात्र मी विचारला नाही.

आज मी तुम्हाला एका गावाची हकीकत सांगणार आहे. तिथे हा प्रश्न वेळेवर विचारला गेला. गाव आपल्याकडचे नाही, आणि प्रश्न होता तो मशिदीचा.

पश्चिम आफ्रिकेत नायजर नावाचा देश आहे. नकाशा शिकवताना शिक्षक बंधुभगिनींचीही नायजर आणि नायजेरिया यांत गल्लत होते, म्हणून सांगतो : नायजेरिया दक्षिणेला, समुद्राला लागून, नायजर त्याच्या उत्तरेला, समुद्र न पाहिलेला, आणि वरचा निम्म्याहून अधिक भाग सहारा वाळवंटाचा. पूर्वी तिथे फ्रेंचांचा अंमल होता; १९६० साली देश स्वतंत्र झाला. बहुसंख्य लोक मुसलमान, आणि सर्वांत मोठा समाज हौसा भाषा बोलणारा. या देशाच्या तहुआ नावाच्या विभागात दांदाजी हे खेडे आहे. भोवती कोरडवाहू शेती, पाऊस वर्षातून तीन-चार महिने, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पलीकडे. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या श्रोत्यांना याहून जास्त वर्णन करायला नको.

या मुलखात घर बांधायचे ते मातीचे. हौसा गवंडी मातीचे शंकूसारखे गोळे उन्हात वाळवतात, ते चिखलात एकावर एक बसवून भिंत चढवतात, आणि छतासाठी ताडाच्या जातीच्या एका झाडाचे वासे वापरतात. त्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. या एवढ्याशा साहित्यातून ते कमानी काढतात, घुमटसुद्धा उभारतात. त्याच देशातल्या आगादेझ शहरातल्या मशिदीचा मातीचा मनोरा सत्तावीस मीटर, म्हणजे सुमारे नव्वद फूट उंच आहे. तहुआ विभागातच यामा नावाच्या गावी फाल्के बार्मू या गवंड्याच्या हाताखाली १९६२ पासून गावकऱ्यांनी एक मातीची मशीद बांधली. पुढे तो तिच्यात वीस वर्षे भर घालीत राहिला. आगा खान यांच्या नावाचा, वास्तुकलेतला जगातला एक मोठा पुरस्कार १९८६ साली त्या मशिदीला मिळाला. बार्मू काही पदवीधर नव्हता. तो शेती करणारा माणूस होता.

दांदाजीतही अशीच एक मातीची जुनी मशीद होती. गाव वाढले, मशीद लहान पडू लागली, आणि डागडुजीअभावी तिची अवस्थाही वाईट झाली. गावाने नवी मोठी मशीद बांधायचे ठरवले. जुनी पाडायची, हे त्यात आलेच.

इथे दोन स्त्रियांचा प्रवेश होतो. मरियम कमारा ही नायजरची वास्तुशास्त्रज्ञ. आधी संगणकशास्त्र शिकून काही वर्षे त्यात नोकरी केलेली, मग ते सोडून अमेरिकेत वास्तुशास्त्र शिकली, आणि २०१४ साली तिने आपल्या देशाच्या राजधानीत, न्यामे येथे, स्वतःचे कार्यालय काढले. दुसरी यासमन इस्माइली, मूळची इराणची. २०११ ते २०२१ या काळात नायजरचे अध्यक्ष असलेले महमदू इसुफू हे दांदाजीचेच, आणि मरियम त्यांची कन्या. तेव्हा शब्दाला वजन असणार, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. पण वजन असलेली माणसे गावात काय बांधतात, हे आपण पाहतोच. त्या मानाने या दोघींनी मांडलेली कल्पना विचार करण्याजोगी होती.

त्या म्हणाल्या, नवी मशीद बांधू या. पण जुनी पाडायची नाही. जुनी दुरुस्त करू आणि तिथे गावाचे ग्रंथालय करू. दोन्ही एकाच आवारात, आणि मध्ये सर्वांसाठी मोकळे अंगण.

आपल्याला ही सूचना ऐकायला गोड वाटते. पण क्षणभर दांदाजीच्या एखाद्या भाविक म्हाताऱ्याच्या जागी बसून पाहा. ज्या जमिनीवर बापजाद्यांनी कपाळ टेकले, तिथे आता पोरं पुस्तकं चाळणार? देवाची जागा अशी दुसऱ्या कामाला द्यायची? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागेल.

मशीद म्हणजे मूळ अर्थाने सजद्याची, म्हणजे कपाळ टेकण्याची जागा. इसवी सन ६२२ मध्ये पैगंबर मदिनेला आले आणि तिथे त्यांची मशीद उभी राहिली. ती कशी होती? कच्च्या विटांच्या भिंतींचे एक आवार, खजुराच्या बुंध्यांचे खांब, वर खजुराच्या झावळ्यांचे छप्पर. घुमट नाही, मनोरा नाही. एका बाजूला सावलीची जागा होती. घरदार नसलेले गरीब अनुयायी तिथे राहत आणि तिथेच शिकत. बाहेरून आलेली शिष्टमंडळे त्या आवारात भेटत. म्हणजे प्रार्थना हा त्या जागेचा प्राण खराच, पण गावाची इतर कामेही त्याच भिंतींच्या आत चालत.

पुढे साम्राज्ये झाली आणि एका आवाराची अनेक दालने झाली. इस्तंबूलची सुलेमानिया मशीद सिनान या थोर स्थपतीने १५५० ते १५५७ या काळात बांधली. प्रवासी तिचा घुमट पाहून येतात. पण घुमटाभोवती मदरसे होते, मुलांची शाळा होती, वैद्यकाची शाळा होती, रुग्णालय होते, हमामखाना होता, आणि गोरगरिबांना जेवण देणारा भटारखाना होता. खर्च भागायचा तो वक्फ केलेल्या मिळकतींच्या उत्पन्नातून.

लांब कशाला, आपल्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की घ्या. शाळेच्या सहलीला जाऊन आपण हौदात पडणारे पाणी पाहिले आणि परत आलो. पण ती बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली. सतराव्या-अठराव्या शतकात काही मैलांवरून मातीच्या नळांनी पाणी आणून त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरवले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी, फकिरांसाठी पीठ दळले. मशीद, सराई आणि शिकण्याची जागा, सारे त्या एका पाण्याभोवती.

राहता राहिला ग्रंथांचा मुद्दा. दांदाजीच्या पश्चिमेला, शेजारच्या माली देशात तिंबुक्तू आहे. तिथल्या संकोरे मशिदीच्या आश्रयाने शेकडो विद्यार्थी शिकत. सोळाव्या शतकाच्या आरंभी लिओ आफ्रिकानस नावाचा प्रवासी त्या शहरात जाऊन आला. हस्तलिखित ग्रंथांच्या व्यापारात इतर कोणत्याही मालापेक्षा जास्त नफा होतो, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. ज्या प्रदेशात ग्रंथ मिठाच्या लाद्यांबरोबर उंटांवरून येत, तिथे मशिदीत ग्रंथालय ही कल्पना परकी कशी म्हणावी? या आवाराला 'हिकमा' असे नाव दिले गेले. हिकमा म्हणजे शहाणपण. नवव्या शतकातल्या बगदादच्या 'बैत अल-हिकमा'ची, म्हणजे ज्ञानगृहाची, ती आठवण. तिथे ग्रीक ग्रंथांबरोबर आपल्या भारतातल्या गणिताचाही अभ्यास होत असे.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. सार्वजनिक जागेला लागून मशीद बांधायची म्हणजे नुसत्या सदिच्छेने भागत नाही. मशिदीच्या काही अटी असतात आणि त्या ढिल्या करता येत नाहीत. पहिली अट दिशेची. नमाज पढताना तोंड मक्केच्या काब्याकडे हवे. आपल्याकडून मक्का पश्चिमेला, म्हणून आपल्या गावच्या मशिदीची मुख्य भिंत पश्चिमेला असते. नायजरमधून तीच दिशा पूर्वेकडे, थोडी उत्तरेला झुकलेली येते. गावातला रस्ता काही काब्याला विचारून काढलेला नसतो, त्यामुळे रस्ता एकीकडे आणि भिंत दुसरीकडे असे होते. दुसरी अट रांगांची : खांद्याला खांदा लावून लांबच लांब सरळ ओळी उभ्या राहिल्या पाहिजेत, म्हणून दालन रुंद हवे आणि मध्ये खांब कमी हवेत. तिसरी शुद्धतेची. हातपाय धुण्याची, वजूची, सोय हवी, आणि जोडे कुठे काढायचे ती रेघ स्पष्ट हवी. चौथी शांततेची.

तेव्हा अंगण सर्वांचे ठेवायचे तर जोडे काढण्याची रेघ कुठे ओढायची, यावर बरेचसे अवलंबून असते. ती आवाराच्या फाटकावर ओढली, तर अंगण फक्त नमाजी माणसाचे झाले. मशिदीच्या उंबऱ्यावर ओढली, तर अंगण गावाचे राहिले. आमच्या मारुतीच्या देवळात ही रेघ गाभाऱ्याच्या पायरीशी होती; नव्या मंदिरात ती रस्त्यावर आली. आमचे नेमके काय हरवले, ते मला या परदेशी मशिदीचा नकाशा पाहताना उमगले.

ढाक्याच्या एका मशिदीने हा पेच फार सुरेख सोडवला आहे, म्हणून थोडे आडवळण घेतो. शहराच्या उत्तर टोकाला दाट वस्तीत एका आजीने आपली जमीन मशिदीसाठी दिली आणि नातीला सांगितले, तू बांध. नात म्हणजे मरिना तबस्सुम, बांगलादेशातली नामवंत वास्तुशास्त्रज्ञ. बांधकाम पुरे झालेले पाहायला आजी राहिल्या नाहीत. वर्गण्या गोळा करीत करीत 'बैत उर रऊफ' ही मशीद २०१२ मध्ये पुरी झाली आणि २०१६ साली तिलाही आगा खान पुरस्कार मिळाला. रस्त्याची दिशा आणि काब्याची दिशा यांत तेरा अंशांचा फरक होता. तिने काय केले? बाहेरचा विटांचा चौकोन, पंचाहत्तर फुटी, रस्त्याला धरून ठेवला. आत एक गोल बसवला. आणि गोलाच्या आत नमाजाचे चौकोनी दालन काब्याकडे वळवून ठेवले. गोलामुळे आतले वळण बाहेर खटकत नाही, आणि मध्ये उरलेल्या कोपऱ्यांतून उजेड-वारा आत येतो. इथेही घुमट नाही, मनोरा नाही. पुराच्या भीतीने जोते उंच घेतले, आणि त्या जोत्याचा ओटा झाला. पोरे तिथे खेळतात, म्हातारे बोलत बसतात. हे सारे भाजक्या विटांत आहे, कारण बंगालमध्ये दगड नाही आणि वीट पिढ्यान्‌पिढ्यांची.

दांदाजीत मात्र भट्टीची वीट परवडणारी नव्हती. जिथे झाडच दुर्मीळ, तिथे भट्टी पेटवायला सरपण कुठून आणायचे? नव्या मशिदीसाठी जागेवरचीच तांबडी माती घेतली. कोकणातल्या श्रोत्यांना सांगायचे तर ती जांभ्याच्या जातीची. यंत्रात दाबून तिच्या विटा पाडल्या आणि त्या न भाजता वापरल्या. सिमेंट-काँक्रीट लागले ते खांब आणि दारे-खिडक्यांवरचे आडवे पाट यांपुरतेच. जाड मातीच्या भिंती दिवसाचे ऊन आत यायला वेळ लावतात. माळवदाच्या घरात दुपारी झोपलेल्याला हे शास्त्र समजावून द्यावे लागत नाही. नवी मशीद मोठी आहे, रेखीव आहे, पण ती आकाशातून पडल्यासारखी दिसत नाही. जुन्या मशिदीचाच हात धरून उभी राहिल्यासारखी वाटते.

आणि जुनी? तिच्या दुरुस्तीसाठी, ती मूळ ज्यांनी बांधली होती त्याच गवंड्यांना बोलावले. या सबंध हकीकतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. एरवी काय होते? शहरातून कंत्राटदार येतो, त्याची माणसे येतात, आणि गावचा गवंडी बाजूला उभा राहून पाहतो. इथे गवंड्यांनी आपली विद्या दिली, आणि मातीत काय मिसळले म्हणजे ती अधिक टिकते, पावसाने झिजू नये म्हणून काय करायचे, ते नवे ज्ञान घेतले. देवघेव दोन्ही बाजूंनी झाली.

जुन्या नमाजाच्या दालनात आता पुस्तकांच्या मांडण्या आहेत. कमानी तशाच ठेवल्या आहेत. वर लाकूड आणि लोखंड वापरून माळ्यासारखी एक बैठक केली आहे. नवे काय आणि जुने काय ते पाहताक्षणी कळते. नव्याने जुन्याचे सोंग घेतलेले नाही. जोडून वर्गखोल्या आल्या. अक्षरओळख आणि हिशेब शिकवण्याची, बायकांना शिकता येईल अशी सोय योजनेत धरली होती. हे २०१८ मध्ये पुरे झाले. त्याच वर्षी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या कामाला जगातले रौप्य पारितोषिक मिळाले.

पारितोषिकाचे मला तेवढे कौतुक नाही. मला त्या अंगणाचे आहे. पोर मशिदीतून निघाले तर चार पावलांवर ग्रंथालय. ग्रंथालयातून निघाले तर चार पावलांवर मशीद. धर्म इकडे आणि विद्या तिकडे, अशी दोन टोके गावाच्या दोन वेशींवर बसवली असती, तर एकीकडे जाणाऱ्याची दुसरीकडे फेरी क्वचितच झाली असती. आणि म्हाताऱ्याच्या शंकेचे काय? मला वाटते, ज्या छपराखाली कुराण शिकले गेले तिथे अक्षर शिकले जाते, तेव्हा ती जागा बाटत नाही. पण हे माझे मत झाले. दांदाजीच्या प्रत्येक म्हाताऱ्याला ते पटले असेल, असे छातीठोक सांगता येणार नाही. जागा नमाजाची होती ती नमाजाची राहिली नाही, ही गोष्ट त्यांनी सोसली आहे. नवी मशीद आधी डोळ्यांसमोर मांडली गेली, म्हणूनच ती सोसता आली असावी. नुसते 'जुनीचे ग्रंथालय करा' म्हटले असते, तर गावाने ऐकले नसते. आणि ते योग्यच झाले असते.

मागच्या वर्षी वर्गात मी या दोन्ही मशिदींची चित्रे मुलांना दाखवली. मुलांनी नाव विचारले, देश विचारला, खर्च विचारला. शेवटच्या बाकावर एक मुलगा बसतो. त्याचे वडील गवंडीकाम करतात. तो म्हणाला, "सर, मातीची भिंत आहे. दर पावसाळ्यानंतर लिंपावी लागणार. ते कोण करणार?"

मी त्याला सांगितले, तेच गवंडी, आणि त्यांनी शिकवलेली पोरं. जेने नावाच्या शहरात, तेही मालीतच, सबंध गाव दर वर्षी एक दिवस ठरवून आपली मोठी मशीद चिखलाने लिंपतो. लहान मुलांपासून सगळे चिखल वाहतात. तो ऐकून घेत होता. मग त्याने विचारले की त्या चिखलात ते काय मिसळतात. मी म्हटलं, भाताचा कोंडा घालून तो चिखल कुजवतात. त्यावर तो एवढंच म्हणाला, "आमच्याकडं शेण आन् भुसा घालत्यात," आणि वहीत त्याने कोंडा लिहून घेतला.